आधी रोजमेळ, मग चेहरा: मालिकेतला थंड अँटिहीरो लिहिण्याची रीत

जळगाव-धुळ्याकडची लिहिती पोरं-पोरी मला वेब मालिकेचे भाग वाचायला पाठवतात. त्यात हल्ली एक अँटिहीरो, म्हणजे नायकाच्या जागी बसलेला पण सज्जन नसलेला माणूस, हमखास भेटतो. कधी सावकार, कधी वाळूवाला, कधी जिनिंगचा मालक. हसत नाही, रडत नाही, पापणी लववत नाही. पहिल्या भागात कुणाचं तरी शेत गिळतो आणि शांतपणे चहा पितो. तिसऱ्या भागापर्यंत लेखकालाच धाकधूक होते की प्रेक्षक याच्यासोबत कसे राहणार. मग हा गडी आईच्या फोटोसमोर ढसाढसा रडतो. दोन भाग यंत्र, तिसऱ्यात एकदम हळवा. प्रेक्षकाला दोन्ही पटत नाहीत.

घोळ क्रमात आहे. आधी चेहरा ठरतो, मग संवाद, आणि भावना सगळ्यात शेवटी, तीही अडलं तरच. हा क्रम उलटा करायचा आहे. समजायला सोपं जावं म्हणून खाली सगळीकडे एकच कल्पित पात्र घेतलंय: धनराज आप्पा. अमळनेरकडच्या एका बाजारात आधी मापाडी होता, आता धान्याचा व्यापारी आहे. व्याजाचा धंदाही आहे, पण तो पाटीवर लिहिलेला नाही.

तयारी: लिहायला बसण्याआधी

एक जाडजूड आडवी वही घ्या, उभ्या रेघेने दोन भाग करा. तिचं काय करायचं ते दुसऱ्या टप्प्यात येईल.

दोन सकाळी बाजारात घालवा. दादरची, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीची, आवक असते त्या दिवसांत गेलात तर उत्तम. लिलाव सुरू व्हायच्या आधी पोहोचा आणि मोबाईल खिशात ठेवा. चेहरे बघू नका, हात बघा. व्यापारी पोत्यात हात कोपरापर्यंत घालून तळातला माल वर काढतो, तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट् वाजला तर वाळलेला, दबला तर ओल. पुढे सगळं या दाण्यावर उभं राहणार आहे.

धंद्याचे नियमही माहीत करून घ्या. आपल्याकडे सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा आहे. परवाना जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणजे आप्पा कागदावर कधीच 'गहाण' लिहिणार नाही. तो सरळ खरेदीखत करून घेईल आणि तोंडी म्हणेल, पैसे फिटले की उलटून देऊ. अशा माणसाचा थंडपणा कागदात दिसतो. त्याला डोळे वटारायची गरजच पडत नाही.

> तपासा: तुमच्या पात्राच्या हातून सकाळी दहा वाजता नेमकं कोणतं काम चाललेलं असतं? सांगता आलं नाही तर बाजारात परत जा.

टप्पा १: थंडपणाची जात ठरवा

'भावनाशून्य' हा शब्द पटकथेतून खोडून टाका. त्याच्या पोटात निदान तीन वेगळी माणसं आहेत, आणि तिघांना वेगवेगळं लिहावं लागतं.

पहिल्याला वाटतं, पण तो दाबतो. दुसऱ्याला वाटतं, पण काय वाटतंय त्याला नाव देता येत नाही. तिसऱ्याला दुसऱ्याचं दुःख खरोखरच भिडत नाही.

दुसऱ्या प्रकाराला मानसशास्त्रात अलेक्सिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्निओस या मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द रूढ केला. ग्रीक मुळांवरून अर्थ होतो, भावनेला शब्द नसणं. असा माणूस भाऊ गेल्यावर 'वाईट वाटतंय' म्हणत नाही, 'छातीत जड झालंय, ॲसिडिटी असेल' म्हणतो. आपल्या गावात असे वडीलधारे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तिसरा प्रकार नवख्यांचा लाडका, आणि तोच सगळ्यात जास्त बिघडतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची सायकोपथी (दुसऱ्याबद्दल कणवच नसणं) मोजायची यादी २० मुद्द्यांची आहे. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण, म्हणजे एकूण ४०. प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाखत घेऊन आणि नोंदी तपासून ती भरतात. लेखक नेटवरून ती उचलतात आणि एकेका मुद्द्याला एकेक प्रसंग लावून मोकळे होतात. त्यातून माणूस उभा राहत नाही, वाणसामानाची यादी होते.

माझं मत विचाराल तर पहिली मालिका लिहिणाऱ्याने पहिला प्रकार घ्यावा, फार तर त्यात दुसऱ्याची किंचित भेसळ. आप्पा तसाच आहे. त्याला सगळं वाटतं. मापाडी असताना तो शिकला की ज्याचा चेहरा वाचता येतो त्याचा भाव पडतो.

> इशारा: जात एकदा ठरली की चौथ्या भागात बदलायची नाही. 'तो आतून हळवाच होता' असा शोध मध्येच लागला तर आधीचे तीन भाग फुकट गेले.

टप्पा २: भावनांचा रोजमेळ लिहा

इथे जास्तीत जास्त वेळ द्या. आठ भागांच्या मालिकेला पंधरा दिवस लागले तरी हरकत नाही.

तुमच्या घरात कुणाचं दुकान असेल तर रोजमेळ पाहिला असेल. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रात्री शिल्लक काढायची आणि सकाळी तीच आरंभीची शिल्लक म्हणून वर लिहायची. वहीत नेमकं हेच करायचं. प्रत्येक प्रसंगाला जमा बाजूला पात्राला काय वाटलं ते लिहा. नावे बाजूला त्यातलं बाहेर किती पडलं ते. उरली ती शिल्लक, आणि ती पुढच्या प्रसंगात ओढायची.

आप्पाचा एक दिवस असा:

पहाटे साडेचार. धाकट्या भावाच्या घरून फोन, तो गेला. जमा: धक्का, आणि त्याच्या खाली एक लाजिरवाणी सुटका, कारण भावाच्या नावावर आप्पाचेच पैसे थकले होते. नावे: फोन ठेवून पायात चप्पल. बाकी शिल्लक.

सकाळी सात. भावाच्या दारात. बायका रडताहेत. जमा: शरम. नावे: लाकडं, गाडी, पाहुण्यांना फोन, सगळी व्यवस्था आप्पाच लावतो. लोक म्हणतात, काय घट्ट मनाचा माणूस. शिल्लक वाढली.

सकाळी दहा. मुलगी परगावाहून यायची आहे, अंत्यविधी दुपारी. आप्पा बाजारात. जमा: काहीच ठरत नाही. नावे: लिलाव.

बघा, अजून एक संवाद लिहिलेला नाही, आणि तरी हा माणूस यंत्र राहिलेला नाही. जमेत शक्यतो दोन एकमेकांशी भांडणाऱ्या भावना टाका. नुसतं दुःख ठेवलं तर पुढे रडण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. दुःख आणि सुटका एकत्र ठेवलीत की माणूस गप्प बसतो, आणि का गप्प बसलाय हे तुम्हाला माहीत असतं.

नेहमीची चूक: जमा बाजूला 'राग' किंवा 'दुःख' एवढंच लिहून पुढे जाणं. कुणावर राग? किती जुना? भावाने १९९८ साली बैलजोडी विकताना विचारलं नव्हतं तो, की कालचा? पात्रापुरता आकडा हवा, वर्ष हवं.

> तपासा: वही उलटीकडून वाचा. शेवटच्या भागातली शिल्लक पहिल्या भागापर्यंत मागे नेता येते का? मध्येच कुठे हिशोब शून्य झाला असेल तर तिथे तुमचं पात्र रोबो झालंय.

टप्पा ३: हाताला सवय द्या

आता चेहरा विसरा. थंड माणूस चेहऱ्याने लिहिला की नट डोळे विस्फारून बघत बसतो. त्याला एक सवय द्या, धंद्यातली, दर भागात येणारी, बिनमहत्त्वाची.

जगभर गाजलेल्या मालिकांत हे काम कसं बेमालूम केलंय ते बघा. 'ब्रेकिंग बॅड' मधला गस फ्रिंग कोंबडीच्या हॉटेलांचा मालक आणि अमली पदार्थांचा व्यापारी. त्याचा नीटनेटकेपणा आपण भागामागून भाग बघत राहतो. २०११ सालच्या एका भागात स्फोटानंतर तो खोलीतून चालत बाहेर येतो आणि टाय सरळ करतो. कॅमेरा फिरल्यावर कळतं की अर्धा चेहरा उरलेलाच नाही. आधी सवय पेरली नसती तर तो टाय नुसता चमत्कार वाटला असता. 'डेक्स्टर' मधला नायक पोलिसांच्या प्रयोगशाळेत रक्ताचे डाग तपासतो, स्वतः खुनी आहे, आणि सहकाऱ्यांसाठी डोनटचा डबा घेऊन येतो. माणसांसारखं दिसण्याची तालीम त्या डब्यात आहे.

आप्पाची सवय म्हणजे तो दाणा. पहिल्या भागात चार वेळा दाणा कट् वाजू द्या. दुसऱ्यात दोनदा, आता फक्त आवाज. तिसऱ्यापर्यंत प्रेक्षकाच्या कानाला सवय लागते आणि तो तिकडे लक्ष देणं सोडतो. तिथपर्यंत थांबा.

> इशारा: सवय विचित्र नको. नाणं उडवणं, सुरी फिरवणं, बुद्धिबळाची सोंगटी हलवणं हे सगळं झिजून गेलंय. ज्या माणसाला अठरा टक्के ओलाव्याची दादर परवडत नाही त्याची सवय त्याच्या धंद्यातूनच येऊ द्या.

टप्पा ४: दोन भाषा ठरवा

खानदेशी लेखकाला इथे फुकटचा फायदा आहे, आणि बहुतेक जण तो सोडून देतात. एक तर सगळं पुण्याच्या मालिकेसारखं लिहितात, नाहीतर हसवण्यासाठी सगळं अहिराणीत.

आप्पा बाजारात, कचेरीत, कर्जदारासमोर प्रमाण मराठी बोलतो, 'तुम्ही' म्हणतो. 'बघा भाऊ, कागद तुम्ही वाचून सही केली आहे.' ही भाषा त्याचा सदरा आहे. घरात तो अहिराणी बोलतो, तीही मोजकी. दोन भाषांच्या मधली भिंत किती दिवस टिकते यावर अख्खी मालिका चालू शकते. ज्या क्षणी बाजारात, लोकांसमोर, त्याच्या तोंडून घरातला एक शब्द निसटतो, तो क्षण कुठल्याही रडण्याहून मोठा होतो.

बोली नीट तपासून घ्या. अमळनेर-पारोळ्याच्या माणसाच्या तोंडी 'शे' (अहिराणीतलं 'आहे') शोभतं. तेच उचलून सावदा-फैजपूरच्या लेवा बोली बोलणाऱ्या घरात टाकलं तर पहिल्या मिनिटाला तिकडची मंडळी हसतात. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला संवाद वाचून दाखवा, ती तिथल्या तिथे दुरुस्त करते आणि वर शिव्याही घालते.

टप्पा ५: त्याला वाचता येणारा एक माणूस

एकच, आणि तो घरचा नसलेला बरा. बायको किंवा मुलगी ठेवली की प्रसंग आपोआप समजुतीच्या बोलण्याकडे घसरतात. आप्पासाठी मी हमाल ठेवला: सुकलाल, तीस वर्षं एकाच काट्यावर दोघांनी पोती चढवली-उतरवली आहेत. सुकलाल आप्पाची बाजू घेत नाही, उपदेश करत नाही. तो फक्त बघतो, आणि प्रेक्षकाने कुठे बघायचं ते त्याच्या बघण्यावरून ठरतं.

टप्पा ६: गळती कुठे आणि किती

आता कुठे भावना बाहेर काढायची वेळ आली. नियम असा पाळा: ज्या घटनेची भावना, ती त्या घटनेत बाहेर पडू द्यायची नाही. उशिरा, दुसऱ्याच जागी, क्षुल्लक निमित्ताने.

'द सोप्रानोज' च्या १९९९ सालच्या पहिल्याच भागात गुंडांचा म्होरक्या टोनी कोसळतो, ते पोहण्याच्या तलावात उतरलेली बदकं उडून जातात तेव्हा. माणसं मारताना ज्याचा हात कापत नाही त्याला बदकं गेल्याने घेरी येते, आणि मग डॉक्टरीणबाईंकडे जावं लागतं. पुढचा सगळा डोलारा त्या बदकांवर उभा आहे.

दुसरा नमुना 'ब्रेकिंग बॅड' च्या दुसऱ्या पर्वातला, २००९ चा. रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर व्हाइट एका मुलीला डोळ्यांदेखत गुदमरून मरू देतो. आधी धावतो, हात पुढे करतो, मग थांबतो. तोंडावर हात जातो, डोळे भरतात. आणि तरी तो तिला वाचवत नाही. भावना आहे आणि कृती तिच्या उलट आहे. अँटिहीरो यंत्रापासून इथे वेगळा होतो: यंत्राला थांबावं लागत नाही, तो मात्र थांबतो आणि मग ते करतो. तुमच्या मालिकेत असा थांबा एकदा तरी हवा.

आप्पाची गळती मी अशी लिहिली. भाऊ पहाटे गेलाय, हे एव्हाना अर्ध्या बाजाराला माहीत आहे. लिलाव चालू. एका शेतकऱ्याची दादर पुढे येते. आप्पा पोत्यात हात घालतो, दाणे तळहातावर पसरतो, एक तोंडात टाकतो. आवाज येत नाही. अडत्या भाव पुकारतो, थांबतो. आप्पाचा जबडा हलत नाही. दाणा तसाच जिभेवर.

सुकलाल हळूच म्हणतो, 'आप्पा, घर जाय.'

आप्पा दाणा तळहातावर काढतो, बघतो, सदऱ्याच्या खिशात टाकतो. मग म्हणतो, 'ओली शे.'

भाव शंभराने पडतो. दादर खडखडीत वाळलेली आहे, हे शेतकऱ्याला माहीत आहे, सुकलालला माहीत आहे, आपल्यालाही. म्हणजे दुःखाच्या भरातही आप्पाने एका गरिबाचं नुकसानच केलं, आणि ते नफ्यासाठी केलं की त्याला खरंच ओल जाणवली, हे कुणीच सांगू शकत नाही. 'शे' मात्र सगळ्यांनी ऐकला.

पहिल्या खर्ड्यात इथे मी सुकलालला डोळे पुसायला लावलं होतं. काढून टाकलं. प्रेक्षकाच्या वाटचं रडणं पात्राकडून उरकून घेतलं की प्रेक्षक मोकळा होतो आणि घरी जातो.

> तपासा: गळतीनंतरच्या प्रसंगात कुणी 'तुम्हाला वाईट वाटतंय ना' असं विचारतंय? ते वाक्य कापा. उत्तर तर आधी कापा.

> इशारा: आठ भागांत मोठी गळती एक, फार तर दोन. तिसरी लिहिलीत तर पहिलीची किंमत उतरते.

टप्पा ७: नटाला काय सांगायचं, कॅमेऱ्याला काय

नटाला 'कोरा चेहरा ठेव' सांगितलं की तो पापणी लववायचं थांबतो. हे निव्वळ सिनेमाचं शिक्षण आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना किळस वाटेल अशी फीत दाखवली आणि काहींना हावभाव दाबायला सांगितले. चेहरा दबला, हालचाल कमी झाली, पण पापण्या उलट जास्त लवल्या, आणि त्वचेच्या मोजमापात ताण वाढलेला दिसला. म्हणजे दाबणारा माणूस दगडासारखा बघत बसत नाही. त्याचं शरीर थांबतं आणि पापण्या फडफडतात. नटाला हेच सांगा: अंग आवर, डोळ्यांना मोकळं सोड.

घामावर मात्र विसंबू नका. बाहेर लोक कपाळावरचा एक थेंब दाखवून तणाव सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथे घाम हा अभिनय नसतो. अख्खं युनिट तणावात असल्यासारखं दिसतं.

कॅमेऱ्यासाठी जुनी युक्ती पुरते. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव यांनी १९२० च्या आसपास एका नटाचा तोच तो चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि बाई यांच्या दृश्यांना जोडून दाखवला, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक, शोक, इच्छा दिसली, असं सांगितलं जातं. तेव्हा आप्पाच्या चेहऱ्याआधी काय दाखवता ते महत्त्वाचं. शेतकऱ्याच्या फुटक्या टाचा दाखवून आप्पा दाखवलात तर तो क्रूर दिसेल. रिकामा काटा दाखवून तोच शॉट लावलात तर एकटा दिसेल. दोन्ही जोडून बघा आणि रोजमेळातल्या शिल्लकेशी जे जुळतं ते ठेवा. पार्श्वसंगीत या प्रसंगात घालू नका. सारंगी तर नकोच.

टप्पा ८: वाचन

पाच-सात माणसं जमवा. त्यात लिहिणारे दोनच असू द्या, बाकी एखादा दुकानदार, एखादी शिक्षिका, शेजारची काकू. आठही भाग सलग वाचा, मध्ये चहा द्या, चर्चा होऊ देऊ नका. शेवटी प्रत्येकाला चिठ्ठीवर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगा: आप्पाला सगळ्यात जास्त कशाचं लागलं?

चिठ्ठ्यांवर काहीच आलं नाही, 'त्याला कशाचंच नाही' असं आलं, तर दुसऱ्या टप्प्यावर जा, वहीत जमा बाजू कच्ची आहे. सगळ्यांनी 'भाऊ गेला' एवढंच लिहिलं तर सहाव्यावर जा, गळती मूळ घटनेला फार चिकटून आहे. 'त्याच्या मनात चांगुलपणा होता' असं दोघांनी लिहिलं तर तुम्ही कुठेतरी त्याची वकिली केलीय. ते वाक्य शोधा, बहुतेक सातव्या भागात, बायकोच्या तोंडी असतं.

माझ्या वाचनात काकूंनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तो दाना त्याने खिशात का ठेवला?' उत्तर नव्हतंच ते. त्यावर एकही शब्द न बदलता मी पुढच्या भागात एक ओळ वाढवली: आप्पाची बायको सदरा धुवायला घेते, खिसे चाचपते, दाणा काढून दळणाच्या डब्यात टाकते.